शिट्टीवरची भाकरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. ते आपोआप साचतात. लोको शेडमध्ये इंजिनाच्या पोटातली राख रोज खाली पाडतात, रोज कुणीतरी ती उचलून नेतं, तरी बघावं तेव्हा शेडच्या मागे ढीग आहेच! माझं तसंच झालंय. सोलापूरला गार्ड म्हणून नोकरी केली. ड्युटी संपली की घरी जायच्या आधी शेडच्या फाटकाबाहेर मस्तानचाचाच्या चहाच्या टपरीवर टेकायचं, ही आमची पद्धत. रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा बाक, वर लिंबाचं झाड. तिथं बसून जे ऐकलं आणि पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

हल्ली चार माणसं जमली की जोराच्या गाड्यांचा विषय निघतो. इथून तिथं इतक्या वेळात पोचणार, तिथून पुढे तितक्या. मी गुमान ऐकतो. मग कुणीतरी विचारतंच, "काका, तुम्ही रेल्वेत होता ना? तुम्हाला काय वाटतं?" मला जे वाटतं ते एका वाक्यात बसत नाही. म्हणून मी सत्तरच्या दशकातले, त्या बाकावरचे किस्से सांगतो.

बाकावरचा मुख्य माणूस म्हणजे आप्पा. नाव बसलिंगप्पा, मूळ मैंदर्गीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि ड्युटीवरून आले की त्यावर कोळशाचा चौथा. त्यांचा फायरमन नरसय्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला, तेलुगू बोलणारा. हातमाग सोडून कोळशाचं फावडं धरलं म्हणून घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलेलं. लग्न केलं नाही, एका खोलीत एकटा राहायचा आणि जेवायला आप्पांच्या घरी. तिसरा मी, त्याच गाडीचा गार्ड. आमची गाडी म्हणजे पॅसेंजर. दिसेल त्या स्टेशनावर थांबणारी!

आप्पांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. जोराची गाडी चालवायची.

"एकदा तरी शंभरानं गाडी न्यायची, गार्डसायेब," ते म्हणायचे. "मग इंजनावरनं उतरवा मला. काय म्हन्नं न्हाय."

*

जपानच्या जोराच्या गाडीचं एक रंगीत चित्र कुठल्याशा मासिकात आलं होतं. आप्पांनी ते कापलं आणि आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. ड्रायव्हरची पेटी म्हणजे लोखंडी ट्रंक. तीत कपडे, डबा, झेंडे, कंदील. झाकणाच्या एका बाजूला आधीपासून सिद्धरामेश्वर होते. दुसऱ्या बाजूला आता जपानची गाडी आली. सकाळी पेटी उघडली की आप्पा दोघांनाही हात जोडायचे!

एकदा टपरीवर पेटी उघडी होती. नरसय्यानं चित्र बराच वेळ निरखलं.

"आप्पा, ह्या गाडीत कोळसा कोन टाकतंय?"

"कोळसाच न्हाय. विजेवर पळती."

"मग फायरमन काय करतंय?"

"फायरमनच न्हाय."

नरसय्यानं चहाचा घोट घेतला, पुन्हा चित्राकडं पाहिलं. "मग ड्रायव्हर बोलतंय कुनासंगं?"

आप्पा चिडले. "बोलायला टाइम कुटं आसतंय? दोनशेच्या वर पळती ती!"

मस्तानचाचा कपबशा विसळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "इत्ती जोर से जाके करते क्या जी?"

"लवकर पोचत्यात की!"

"हौ. पोच के?"

आप्पांनी पेटी खाडकन बंद केली. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

*

आमच्या रेल्वे कॉलनीत घड्याळं होती, पण स्वयंपाक चालायचा शिट्टीवर. वाफेच्या इंजिनाची शिट्टी दोरी ओढून वाजवायची. थोडी ओढली तर एक आवाज, जास्त ओढली तर दुसरा, हळूहळू सोडली तर तिसराच. त्यामुळं प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी, आणि प्रत्येकाच्या बायकोला ती पाठ!

आप्पांची शिट्टी अशी : दोन आखूड, एक लांब आणि शेवटी आवाज खाली उतरवत नेलेली एक शेपटी. गाडी सोलापूरच्या गावाबाहेरच्या आउटर सिग्नलला आली की ती वाजायची, आणि इकडं कॉलनीत गंगव्वावहिनी चुलीवर तवा ठेवायच्या. आप्पा इंजिन शेडला लावून, हातपाय धुऊन घरी पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. पीठ दोघांचं भिजवलेलं असायचं, कारण नरसय्या मागून येणारच. मी दारावरून जात असलो तर वहिनी आतून विचारायच्या, "गार्डसायेब, ऊटा आतेनु?" म्हणजे, जेवण झालं का? त्यांचा नमस्कारच तो. झालं म्हटलं तरी एक भाकरी हातावर यायची, वर शेंगाचटणी.

एकदा वाटेत आमचं इंजिन बिघडलं. बदली म्हणून मालगाडीचं एक जुनं इंजिन लावलं. त्याची शिट्टी म्हणजे घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तशी! नरसय्या म्हणाला, "आज अक्काला कळत न्हाय. आज थंड भाकरी." मी म्हटलं, पैज. हरेल त्यानं भजी द्यायची. आप्पा नुसते मिशीत हसले.

घरी पोचलो तर दारातच भाकरीचा वास!

"अक्का, इंजन दुसरं होतं!" नरसय्या ओरडला.

वहिनींनी भाकरी उलटली. "इंजन दुसरं आसंल. हात त्येंचाच की!"

पैज नरसय्या हरला, भजी त्यानंच दिली.

*

मग शेडला एक नवे साहेब आले. तरुण, कडक. गाड्यांचा वेग वाढवायचा, शिस्त वाढवायची, असं त्यांच्या डोक्यात. त्यांनी एकदा आप्पांना बोलावलं. मी तिथं कशासाठी तरी उभा होतो.

"तुम्ही आउटरला इतकी लांब शिट्टी का वाजवता? नियमात एवढी नाही."

आप्पांना खोटं बोलता येत नसे. "भाकरीसाठी, सायेब."

"कशासाठी?"

"बायकूनं तवा ठेवावा म्हणून."

साहेब लाल झाले. "ही रेल्वे आहे! सरकारी वाफ आहे ती! उद्यापासून बंद!"

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नियमाप्रमाणं एक आखूड शिट्टी दिली आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी साहेब खिडकीबाहेर बघून बोलत होते.

"ते शिट्टीचं... पूर्वीसारखं चालू द्या."

"का हो सायेब?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "बंगल्यावर जेवायला उशीर होतोय."

तेव्हा कळलं, साहेबांच्या बाईसुद्धा आप्पांच्या शेपटीवर कुकर चढवत होत्या!

*

आमची पॅसेंजर थांबे खूप घ्यायची हे खरं, पण तिचा खरा वेळ जायचा तो लूपमध्ये. त्या काळी आमच्याकडं रूळ एकेरी. मागून मेल येत असेल तर आम्हाला एखाद्या छोट्या स्टेशनावर बाजूच्या रुळावर घ्यायचे आणि मेल धाडधाड निघून जायची. आप्पा इंजिनाच्या दारात येऊन उभे राहायचे. मेल गेली की धुरळा बसेपर्यंत तिच्याकडं बघत राहायचे. लग्नात जेवायला न बोलावलेल्या माणसासारखा चेहरा व्हायचा त्यांचा.

असंच एकदा हिरेवाडीला थांबलो होतो. हिरेवाडी म्हणजे एक खोली, एक बाक, एक चिंचेचं झाड. गंगव्वावहिनींचं माहेर तेच. आमच्या गाडीत शेंगा विकणारी एक म्हातारी होती. ती इंजिनाजवळ येऊन आप्पांना म्हणाली, "बाबा, का थांबलाव?"

"मेल जायाची हाय, अज्जी. जोराची गाडी."

"तिच्या जान्यासाटी आपन थांबायचं?"

"व्हय. तिला थांबाय येत न्हाय."

म्हातारीनं टोपली खाली ठेवली, जरा विचार केला. "म्हंजे आमी थांबतोय म्हणून ती पळती. मग जोर तिचा का आमचा?"

आप्पा हसले. म्हातारीनं त्यांच्या ओंजळीत शेंगा घातल्या. मेल गेली, तेव्हा दोघंही शेंगा सोलत होते. आप्पांनी त्या दिवशी मेलकडं पाहिलं नाही. तेवढी एकच वेळ.

*

एका वर्षी ठरलं की आमच्या मार्गावरून नवी जोराची गाडी धावणार, डिझेल इंजिनाची. त्याआधी चाचणी. मोठे साहेब आले. शेवटच्या डब्यात खुर्च्या, टेबल, यंत्रं. टेबलावर एक काचेचा ग्लास, काठोकाठ पाण्यानं भरलेला. गाडी वेगात असताना पाणी सांडतं का ते बघायचं!

ड्रायव्हर बाहेरून आलेला. त्याला आमचा रस्ता माहीत नाही, म्हणून शेजारी आप्पांना बसवलं. साहेब म्हणाले, "आप्पा, तुम्ही फक्त रस्ता दाखवा."

"रुळावरच्या गाडीला रस्ता काय दाखवायचा सायेब, ती काय शेतात शिरत न्हाय," आप्पा म्हणाले. पण चढले. धुतलेला शर्ट घालून आले होते. हँडलला हात लावायला मिळणार नाही हे माहीत असूनही हात तीनतीनदा साबणानं धुतलेले! गार्ड म्हणून मला घेतलं.

एकेरी रुळावर पुढच्या टप्प्यात जायचं तर टोकन लागतं. स्टेशनाचा पॉइंट्समन वेताच्या मोठ्या कड्यात टोकन अडकवून रुळाच्या बाजूला हात वर करून उभा राहतो. इंजिनावरचा माणूस जाता जाता ते कडं दंडात अडकवून घेतो. टोकन नाही तर पुढं जायचं नाही, मग गाडीत खुद्द देव बसलेला असो.

निघालो. खिडकीबाहेर खांब सटासट मागं जायला लागले. मीसुद्धा दाराची दांडी घट्ट धरली. साहेब ग्लासाकडं बघत होते. पाणी हलत होतं, पण सांडत नव्हतं. सगळे खूश.

हिरेवाडी आली. तिथला पॉइंट्समन खंडू. बिचाऱ्यानं जन्मात एवढे साहेब एका गाडीत पाहिले नव्हते. टोकनचं कडं हातात घेऊन, नवी टोपी घालून वेळेच्या आधीपासून उभा. इंजिन जवळ आलं आणि खंडूनं काय करावं? साहेबांना सलाम ठोकला! ज्या हातात कडं होतं त्याच हातानं! टोकन त्याच्या कपाळाला लागून राहिलं आणि इंजिनावरच्या माणसाचा हात रिकामा पुढं गेला.

ब्रेक लागले. जोराची गाडी आयुष्यात पहिल्यांदा हिरेवाडीला थांबली.

खंडू कडं घेऊन इंजिनाकडं पळत सुटला. मोठे साहेब काय झालं ते बघायला दुसऱ्या बाजूनं खाली उतरले. आणि गाडी थांबली म्हणजे ती आपलीच, असं समजून फलाटावरची माणसं पटापट चढली! मी "अहो, ही नव्हं, ही नव्हं" म्हणत एकेकाला उतरवतोय तोवर एक फेटेवाले आजोबा साहेबांच्या खुर्चीत मांडी घालून बसलेले.

साहेब परत आले. टेबलाकडं पाहिलं. ग्लास रिकामा!

"पाणी सांडलं? किती वेगाला सांडलं?"

आजोबांनी मिशा पुसल्या. "सांडलं न्हाय सायेब. पिलो मी. लई तहान लागली हुती."

आम्ही हा किस्सा बाकावर कितीदा सांगितला असेल! आप्पा मात्र हसायचे नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर ते खांबच असायचे. "गार्डसायेब," ते म्हणायचे, "काय पळती हो ती."

*

आणि मग आप्पांचं नाव आलं! डिझेलच्या ट्रेनिंगला पाठवलं, पास झाले, जोराच्या गाडीवर लागले. टपरीवर त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मस्तानचाचानं त्या दिवशी कुणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. नरसय्यालाही ट्रेनिंगला जा म्हणत होते. तो गेला नाही. "मला आग पायजे," म्हणाला. मग त्याला शेडमध्येच ठेवलं, उरलेली काळी इंजिनं इकडून तिकडं हलवायला.

पहिल्या दिवशी आप्पा ड्युटीवरून घरी आले ते चालत चालत, छाती काढून. मी बरोबर होतो, मलाही त्याच गाडीवर घेतलं होतं. दारात वहिनी धान्य निवडत बसलेल्या. त्यांनी वर पाहिलं.

"कामावर गेला न्हाईसा?"

"गेलो की! आलो बी!"

"कापडं तर धुतल्यावानी हायती."

डिझेलच्या गाडीत कोळसा कुठला! शर्टावर एक डाग नाही, कपाळावर भस्माचे तीनच पट्टे. आयुष्यभर काळे कपडे धुतलेल्या त्या बाईनं शर्ट उलटसुलट करून पाहिला, तरी भिजत घातलाच.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गडबडून उठल्या. "अय्यो! तवा न्हाय ठेवला! शिटीच न्हाय ऐकली की मी!"

"वाजवला की हॉर्न. दोन आखूड, एक लांब."

डिझेलचा हॉर्न भोंग्यासारखा. बटण दाबलं की एकच सूर. त्याला शेपटी निघत नाही, आणि कुणीही दाबला तरी तोच आवाज.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी हुशारी केली. हॉर्न वाजला की तवा ठेवायचा. पण आउटरला काय एकच डिझेल येतं? सकाळपासून जे येईल ते हॉर्न देणार! संध्याकाळी आम्ही गेलो तर परडीत भाकरींची चवड, आणि कॉलनीतली निम्मी पोरं ओट्यावर बसून जेवतायत. वहिनी घामाघूम.

"ह्यातला तुमचा कुटला हुता?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी चवडीतली वरची भाकरी उचलली. त्यानंतर वहिनी भाकरी आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवायला लागल्या. नरसय्याची ठरलेली जेवणाची वेळही मोडली. तो कधी येऊन जेवायचा, कधी नाही. मला अजून त्या फडक्यातल्या भाकरीचं वाईट वाटतं. चव तीच होती, पण ती शिट्टीवरची नव्हती.

*

जोराच्या गाडीची एक गंमत कुणी आधी सांगितली नव्हती. पॅसेंजरवर होतो तेव्हा सकाळी जायचं, संध्याकाळी परत. गाडी हळू, म्हणून ड्युटीचा टप्पा जवळचा. जोराच्या गाडीवरही सुरुवातीला तसंच होतं, पण मग गाडी पळते म्हणून टप्पाही लांबवला. लांबच्या गावी उतरायचं, तिथल्या रनिंग रूममध्ये मुक्काम, कूकच्या हातचं जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. घरची ताटं कमी झाली.

एकदा आप्पा वहिनींना समजावत होते, की आता आम्ही किती वेळ वाचवतो, लोकांचे किती तास वाचतात, पुढं तर याच्यापेक्षा जोरात, जपानसारखी...

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची गाडी लई पळती. पर घराकडं न्हाय की."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपला शोधायला लागलो.

मग वहिनी माहेरी गेल्या. आमच्या जुन्या पॅसेंजरनं गेल्या, कारण आमची गाडी हिरेवाडीला थांबत नव्हती. जाताना म्हणाल्या, "तुमची गाडी तितनं जाताना बगाय येते मी. हात करा."

"करतो की. हॉर्न बी वाजवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही हिरेवाडीवरून गेलो. पुढून हॉर्न ऐकू आला, दोन आखूड, एक लांब. मी मागच्या डब्याच्या दारात हिरवा झेंडा घेऊन उभा. फलाटावर चिंचेखाली हिरव्या लुगड्यात वहिनी उभ्या होत्या. इंजिन त्यांच्यापुढून केव्हाच निघून गेलं होतं. डबे जात होते, पदर उडत होता, डोळ्यांत धूळ गेली असणार, कारण डोळे मिटलेले होते. हात मात्र वर तसाच. शेवटी त्यांच्यासमोरून गेलो तो मी. मग मीच हात केला.

घरी परत आल्यावर त्यांनी आप्पांना विचारलं, "हात केला का?"

"केला की!"

"मला न्हाय दिसला."

आप्पा तसेच उठले. बाकावर येऊन बसले आणि मस्तानचाचाकडून चहा घेतला. तो निवून गेला तरी हातातच होता. मग एकदम म्हणाले, "मला बी न्हाय दिसली हो ती. चिंच दिसली नुसती."

चाचानं कप काढून घेतला आणि गरम चहा भरून दिला. "हौ आप्पा," एवढंच म्हणाला. त्याच सुमारास कधीतरी पेटीच्या झाकणावरचं जपानचं चित्र गेलं. फाडलं की गळून पडलं, मी विचारलं नाही.

*

वहिनी आजारी पडल्या तेव्हा सुरुवातीला कुणाला वाटलं नाही की एवढं असेल. रेल्वेच्या दवाखान्यात ठेवलं. आप्पांनी रजा मागितली होती, मिळालीही होती. पण वहिनींनीच त्यांना घालवलं. "तुमी जाऊन या. मी काय पळून जात न्हाय," म्हणाल्या. माझी रजा आधीच होती, म्हणून मी दवाखान्यात थांबलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तब्येत एकदम बिघडली. मी गाड्यांच्या कंट्रोल ऑफिसला फोन करून आप्पांना निरोप दिला. ते परतीच्या गाडीवर निघालेलेच होते. मधल्या स्टेशनांवर सगळ्यांनी आपापल्या गाड्या बाजूला घेऊन त्यांना रस्ता दिला. एकही सिग्नल लाल मिळाला नाही. त्या दिवशी त्यांची गाडी राइट टाइमच्या आधी आली. सोलापूरला जोराची गाडी वेळेच्या आधी आली ती तेवढी एकदाच.

तरी उशीर झाला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. आप्पा अजून वाटेत होते. वहिनींच्या उशाशी माझी बायको बसलेली, मी पायाशी उभा. वहिनी बोलत नव्हत्या. नुसता कान खिडकीकडं करून पडलेल्या. दवाखान्यापासून शेड जवळच. बाहेर एखादं डिझेल हॉर्न देऊन गेलं की त्या डोळे उघडायच्या, आणि पुन्हा मिटायच्या. असं दोनतीनदा झालं.

नरसय्या दाराशी उभा राहून हे बघत होता. तो अचानक निघून गेला. कुठं गेला ते मला कळलं नाही.

थोड्या वेळानं शेडकडून शिट्टी आली. वाफेची! तीही अशी, की कितीतरी महिन्यांत ऐकली नव्हती. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी आवाज खाली उतरवत नेलेली शेपटी. हुबेहूब! शेडमधलं एकच इंजिन तेव्हा गरम असायचं, नरसय्याचं. माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वहिनींनी डोळे उघडले. चेहऱ्यावर हसू आलं.

मी पुढं वाकलो. "वहिनी, आप्पा आले बघा. ऐकली ना शिट्टी?"

त्यांनी हळूच मान हलवली. नाही म्हणून.

"हात नरसय्याचा हाय," त्या म्हणाल्या. मग दम घेतला, आणि माझ्या बायकोचा हात धरून तिला सांगितलं, "उपाशी आसंल त्यो. जा, तवा ठेव."